घामाची अपकीर्ति



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांच्या कपाळाला आठी पडली असेल. अंगाला येणारी दुर्गंधि ही कांहीं चारचौघांत बोलण्याची गोष्ट नव्हे. मग ती नभोवाणीवरून घरोघर ऐकविण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन इतकेंच कीं, या एका गोष्टीवरून माणसानें माणसाला फार दिवस दूर लोटलें आहे, आणि ज्या समजुतीवर तें लोटलें ती समजूतच मुळांत खोटी आहे. ‘घामाला वास येतो’ असें आपण सहज म्हणतों. वास्तविक ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. तो वास तयार करणारे कारागीर निराळेच आहेत. ते कोण, त्यांचा माग कसा लागला, आणि तो लागेपर्यंत मधल्या काळांत काय काय घडलें, हा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें.

आपल्या पूर्वजांना हा त्रास ठाऊक नव्हता असें नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या बृहत्संहितेंत ‘गंधयुक्ति’ नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. सुवासिक तेलें, चूर्णें व धूप कसे सिद्ध करावे हें त्यांत सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर सोळा द्रव्यांतून चार चार निवडलीं असतां १८२० मिश्रणें होतात, हा हिशेबही त्यानें मांडून ठेवला आहे. दिवाळींतील अभ्यंगाचें उटणें, त्यांतील नागरमोथा, कचोरा, वाळा आणि चंदन, तसेंच दाढी झाल्यावर न्हावी गालावरून फिरवीत असे ती तुरटी, हीं सर्व आपल्या घरोघरच्या ओळखीचीं. उपाय चांगले होते; कारण मात्र कोणालाच माहीत नव्हतें. एका वासावर दुसऱ्या वासाचें पांघरूण घालावें, यापलीकडे विचार गेला नव्हता.

कारण शोधण्यास प्रारंभ झाला तो सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं आल्यावर. बोहेमियांत जन्मलेल्या यान पुर्किंये या शास्त्रज्ञानें १८३३ सालीं त्वचेंतील घर्मग्रंथि पाहिल्या. माणसाच्या अंगावर अशा ग्रंथि सुमारें वीस ते चाळीस लक्ष असतात. त्यांतून पाझरणारा घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि थोडें मीठ. त्याचें काम शरीर थंड ठेवण्याचें. परंतु सर्वच ग्रंथि एका जातीच्या नाहींत, हें जर्मन शास्त्रज्ञ शीफरडेकर यानें १९२२ सालीं स्पष्ट करून दाखविलें. कांख, जांघ अशा मोजक्या ठिकाणीं दुसऱ्या जातीच्या मोठ्या ग्रंथि असतात. त्यांतून निघणारा स्राव किंचित् दाट असून त्यांत स्निग्ध पदार्थ व प्रथिनें असतात. या ग्रंथि लहानपणीं निद्रिस्त असतात आणि वयांत येतांना जाग्या होतात. माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें. वरच्या इयत्तांतील एखादा मुलगा एकाएकीं अंग चोरून शेवटच्या बांकावर बसूं लागतो, शेजारचीं मुलें नाकाला रुमाल लावून हंसतात, हा प्रकार कोणत्या शिक्षकानें पाहिला नसेल? त्या मुलाचा अपराध इतकाच कीं, तो मोठा होऊं लागला आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वास येतो कोठून? याचें पहिलें नेमकें उत्तर, मला वाटतें, लंडनमध्यें मिळालें. तेथील डॉक्टर जॉर्ज थिन यांनीं १८८० सालीं रॉयल सोसायटीपुढें एक निबंध ठेवला. ज्यांच्या तळपायांना अतिशय घाम येऊन दुर्गंधि सुटते अशा रोग्यांविषयीं तो होता. थिन यांनीं दाखविलें कीं, घाम त्वचेंतून निघतांना त्याला ती घाण नसते; पायमोजा आणि बूट त्यानें भिजून राहिले म्हणजे त्या ओलाव्यांत जंतु माजतात आणि मग घाण सुटते. त्या जंतूला त्यांनीं दुर्गंधिसूचक असें लॅटिन नांवही दिलें. त्यांचा उपाय अगदीं साधा होता. मोजे दिवसांतून दोनदां बदलावे आणि काढलेले मोजे बोरिक ॲसिडच्या पाण्यांत भिजत ठेवून मग वाळवावे. रोग्याला दोष नाहीं, त्याच्या घामालाही नाहीं. जंतूंना राहावयास ओली जागा मिळूं देऊं नका, एवढेंच त्यांचें सांगणें.

ही गोष्ट त्याच वेळीं घरोघर पोंचती तर पुष्कळ मनस्ताप वांचला असता. पण शास्त्राची चाल मुंगीची आणि व्यापाराची घोड्याची. १८८८ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ‘मम’ नांवाचें जस्तयुक्त मलम विक्रीस आलें. दुर्गंधिनाशक म्हणून व्यापारी नांवानें विकलेलें हें पहिलें औषध मानतात. १९०३ सालीं ‘एव्हरड्राय’ आलें. त्यांत ॲल्युमिनियमचा क्षार होता. तो घामाचीं सूक्ष्म तोंडें कांहीं काळ बुजवितो. आपली तुरटी याच कुळांतली. पुढें सिनसिनाटी येथील एका शस्त्रवैद्यानें शस्त्रक्रियेच्या वेळीं हात कोरडे राहावे म्हणून असेंच एक द्रावण केलें. त्याची शाळकरी मुलगी एड्ना मर्फी हिनें तें कांखेला लावून पाहिलें, गुण आला, आणि आजोबांकडून १५० डॉलर घेऊन तिनें ‘ओडोरोनो’ नांवानें तें विकावयास काढलें. १९१२ सालीं अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनांत उन्हाळ्याच्या कृपेनें त्याला गिऱ्हाईक मिळालें. औषध तांबड्या रंगाचें व आम्लधर्मी होतें. त्यानें त्वचा चुणचुणे आणि कपडे खराब होत. तरीही तें खपूं लागलें.

येथपर्यंत तक्रार करण्यासारखें कांहीं नाहीं. पण कांहीं वर्षांनीं खप थंडावला. जाहिरात कंपनीनें चौकशी केली तेव्हां असें आढळलें कीं, औषधाचें नांव स्त्रियांना माहीत आहे, परंतु सुमारें दोनतृतीयांश स्त्रियांना त्याची गरजच वाटत नाहीं. मग जाहिराती लिहिणारे जेम्स यंग यांनीं ती गरज उत्पन्न करण्याचें ठरविलें. १९१९ सालीं स्त्रियांच्या एका नामांकित मासिकांत त्यांची जाहिरात आली. तिचा आशय असा कीं, तुमच्या अंगाला वास येत असेल, तुम्हांला तो कळत नसेल, आणि लोक तुमच्या पाठीमागें बोलत असतील! सुमारें २०० वाचकांनीं संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. पण वर्षभरांत औषधाची विक्री ११२ टक्क्यांनीं वाढून ४,१७,००० डॉलरवर गेली. शंकेला किंमत असते, हें व्यापाऱ्याला कळून चुकलें. पुढें हीच युक्ति पुरुषांवर चालली. मंदीच्या काळांत नोकरी जाण्याची धास्ती त्यांना दाखविण्यांत आली.

ही शंका स्वतःविषयीं होती तोंवर एक वेळ ठीक. परंतु वास हा दुसऱ्याच्या जातीचा, वर्गाचा गुण आहे, ही समजूत अधिक जुनी आणि अधिक विषारी. आपल्या बिहारांतील मोतीहारी येथें जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनीं १९३७ सालीं निर्भीडपणें लिहून ठेवलें कीं, कामगारांच्या अंगाला घाण येते हा धडा इंग्रज मध्यमवर्गाच्या मुलांना लहानपणींच मिळतो, आणि वर्गभेदाचें मूळ त्यांत आहे. आपण इंग्रजांना नांवें ठेवण्यापूर्वीं स्वतःच्या उंबरठ्याकडे पाहावें. ज्यांना सार्वजनिक तळ्यावर पाणी भरूं दिलें नाहीं, ज्यांना त्या हक्कासाठीं १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांच्या मागें जाऊन चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घ्यावें लागलें आणि त्याबद्दल मार खावा लागला, त्यांनाच ‘अस्वच्छ’ म्हणणारे आपणच होतों. पाणी हिरावून घ्यावयाचें आणि मग मळाबद्दल नाक मुरडावयाचें, याला न्याय म्हणत नाहींत.

थिन यांनीं पायांविषयीं सांगितलें तें कांखेविषयीं सिद्ध व्हावयास १९५३ साल उजाडावें लागलें. फिलाडेल्फियाच्याच शेली, हर्ली आणि निकोल्स या संशोधकांनीं कांखेंतील मोठ्या ग्रंथींचा ताजा स्राव जंतूंचा स्पर्श होऊं न देतां गोळा केला. त्याला वास नव्हता, आणि जंतुरहित ठेवला असतां पुढेंही आला नाहीं. तोच स्राव त्वचेवरील जंतूंच्या संगतींत ठेवतांच ओळखीचा दर्प सुटला. साध्या घामांत मात्र तसें घडलें नाहीं. म्हणजे वास घामाचा नव्हे, माणसाचा तर नव्हेच. त्या दाट स्रावावर जगणाऱ्या जंतूंचा तो उद्योग.

मग जंतूंचा समूळ नाश करावा, असा उतावळा विचार निघाला. १९४८ सालीं शिकागोच्या एका मांसव्यापारी कंपनीनें ‘डायल’ साबण काढला. त्यांत हेक्साक्लोरोफीन हें जंतुघ्न द्रव्य होतें, आणि दुर्गंधीवर त्याचा गुणही येई. पण १९७२ सालीं फ्रान्समध्यें लहान मुलांच्या एका पावडरींत हें द्रव्य चुकून अतोनात मिसळलें गेलें आणि ३६ बालकें दगावलीं. त्याच वर्षीं अमेरिकेनें त्याची खुली विक्री थांबविली. २०१६ सालीं तेथेंच ट्रायक्लोसान धरून १९ जंतुघ्न द्रव्यांना अंग धुण्याच्या साबणांतून हद्दपार करण्यांत आलें, कारण साध्या साबणपाण्याहून तीं अधिक गुणकारी असल्याचा पुरावा उत्पादकांना देतां आला नाहीं.

शिवाय सगळेच जंतु अपराधी नाहींत. इंग्लंडांतील यॉर्क विश्वविद्यालयाच्या संशोधकांनीं युनिलिव्हर कंपनीच्या सहकार्यानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधानुसार, कांखेंतला सर्वांत उग्र गंधकयुक्त वास निर्माण करणारें एन्झाइम थोड्याच जातींच्या जंतूंपाशीं आहे. त्यांत ‘स्टॅफिलोकॉकस होमिनिस’ हा मुख्य. हें हत्यार जंतूंनीं सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वीं, मनुष्यप्राणी जन्मास येण्याच्या कितीतरी आधीं, मिळविलें असावें असा त्यांचा कयास आहे. उरलेले कित्येक जंतु निरुपद्रवी असून उलट त्वचेवर घातक जंतूंना थारा देत नाहींत. आणखी एक नवल ऐका. चीन, कोरिया व जपान येथील बहुसंख्य लोकांच्या कांखेला हा दर्प जवळजवळ नसतो आणि त्यांच्या कानांतील मळही कोरडा असतो. या दोहोंना कारण एकच जनुक. कानाच्या मळाशीं असलेला त्याचा संबंध नागासाकीच्या संशोधकांनीं २००६ सालीं उघड केला. म्हणजे ज्याच्या अंगाला वास नाहीं त्यानेंही गर्व करूं नये. ती त्याची कमाई नव्हे.

उपाय काय, हें आतां आपणच सांगूं शकाल. रोज साबणपाण्यानें कांखा, जांघा व पायांचीं बोटें धुवावीं आणि, ज्याचा विसर पडतो तें, नीट कोरडीं करावीं. कांखेंतील केंस काढले असतां जंतूंची वस्ती कमी होते. गंजीफ्रॉक व मोजे रोज बदलावे. कपडा शक्यतों सुती असावा. बेल्जममधील गेंट येथें २०१४ सालीं केलेल्या प्रयोगांत व्यायामानंतर पॉलिएस्टरच्या सदऱ्याला सुती सदऱ्यापेक्षां अधिक घाण येते असें दिसलें. एवढ्यानें भागलें नाहीं तर ॲल्युमिनियमच्या क्षाराचें औषध रात्रीं कोरड्या त्वचेवर लावावें. वास एकाएकीं पालटला किंवा घाम अनावर झाला तर अत्तराच्या दुकानीं न जातां डॉक्टरकडे जावें.

आणि ज्याला हा त्रास आहे त्याच्याशीं एकांतांत, सौम्य शब्दांत बोलावें. विशेषतः वयांत येणाऱ्या मुलांशीं आईबापांनीं हें आधींच बोलून ठेवावें, म्हणजे वर्गांतील हंसें त्यांना प्रथम शिकविणार नाहीं. दिवसभर ओझीं वाहून जो आपल्या शेजारीं आगगाडींत उभा राहतो त्याचा घाम निर्मळ आहे. त्याला उणें असेल तर तें एक बालदी पाण्याचें आणि एका कोरड्या सदऱ्याचें. आणि तें उणें भरून काढणें हें केवळ त्याचें एकट्याचें काम नव्हे.