माघारी वळलेले विमान

लडाखची वाट हिवाळ्यात बंद व्हायची, हा भूगोलाचा जुना नियम होता. झोजी ला खिंडीत बर्फ साचले की श्रीनगरचा मार्ग तुटे, रोहतांग आणि बारालाचा येथील बर्फाने कुलूकडची वाट मिटे, आणि लेह शहर उन्हाळ्यापर्यंत आपल्यापुरते जगे. या नियमाला पहिला अपवाद १९४८ साली आकाशातून घडला. त्यानंतरच्या वीस वर्षांत भारतीय हवाई दलाच्या मालवाहू विमानांनी पंजाबच्या सपाटीवरून लडाखकडे जी वाट पाडली, तिचा इतिहास सहसा विक्रमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जे विमान उतरले त्याची तारीख पाठ होते. जे अर्ध्या वाटेतून वळले त्याची नोंद दप्तरात पडून राहते. वस्तुतः या वाटेचा स्वभाव माघारी वळणाऱ्या विमानांनीच अधिक ओळखला असला पाहिजे.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डकोटा विमान लेहजवळच्या वाळवंटी पठारावर उतरवले. त्यांच्यासोबत विमानात मेजर जनरल थिमय्या होते. आक्रमक लेहच्या दिशेने सरकत होते आणि पायी कुमक वेळेत पोहोचण्याची शाश्वती नव्हती. लडाखचेच अभियंते सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांच्या हातांनी सुमारे पावणेअकरा हजार फूट उंचीवर कच्ची धावपट्टी करवून घेतली होती. तेथवर पोहोचण्यासाठी मेहरसिंगांना वीस हजार फुटांहून अधिक उंची गाठावी लागली. डकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्या उंचीवर प्राणवायूविना माणसाची बुद्धी मंदावते आणि मंदावल्याचे त्याला स्वतःला कळत नाही. वैमानिकाच्या दृष्टीने हाच त्यातील सर्वांत घातक भाग होय. शिवाय विमानाची दोन्ही इंजिने चालू असतील तरच खिंडी ओलांडता येत. एक बंद पडले, तर उरलेले भरलेल्या विमानाला झोजी लाच्या वर धरून ठेवू शकत नसे. मेहरसिंगांना महावीर चक्र मिळाले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना वादळात त्यांचे विमान कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. हिमालय ओलांडून गेलेल्या या माणसाला मृत्यू गाठला तो डोंगर उतरल्यावर, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चंडीगढचा या कथेत प्रवेश होतो तो १९६१ च्या सुमारास. नकाशावर रेघा मारून वसवलेले हे शहर तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. सेक्टरांना क्रमांक, रस्त्यांना काटकोन, सारे मोजूनमापून. याच शहराच्या कडेला हवाई दलाचा तळ उभा राहिला आणि सोव्हिएत बनावटीची चार इंजिनांची अँटोनोव्ह-१२ विमाने तेथे दाखल झाली. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर, आणि तासाभराच्या उड्डाणानंतर उतरायचे ते सुमारे पावणेअकरा हजारांवर. मध्ये शिवालिक, मग पीर पंजाल, मग मुख्य हिमालय, मग झांस्कर. अशा एकामागून एक उभ्या भिंती, आणि त्यांपलीकडे सिंधूचे खोरे.

विरळ हवेचे गणित येथे थोडे उलगडून सांगणे इष्ट आहे, कारण बहुतेक संकटांचे मूळ त्यात आहे. सोळा हजार सहाशे फुटांवर हवेची घनता सपाटीवरील घनतेच्या सुमारे तीन-पंचमांश उरते. वैमानिकासमोरचा वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमीन मात्र तीस टक्के अधिक वेगाने धावत येते. त्यामुळे थांबायला अंतर अधिक लागते, उडायलाही अधिक लागते, आणि तेवढ्यात इंजिनाची ताकद घटलेली असते. वळणाचेही तेच. वीस हजार फुटांवर विमान तितक्याच कलाने वळवले, तर त्याचे वर्तुळ सपाटीवरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद होते. दरीत शिरल्यावर पुढची खिंड ढगाने बुजलेली दिसली, तर माघारी फिरायला तेवढी रुंदी हवी. ती नसेल, तर निर्णय बरोबर असूनही उशिरा ठरतो.

या गणिताच्या टोकाशी जाऊन आले ते स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे. हे आडनाव मराठी वाचकाच्या कानाला परके नाही. २३ जुलै १९६२ रोजी त्यांनी काराकोरम खिंडीच्या पायथ्याशी, दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट विमान उतरवले. उंची १६,६१४ फूट. पक्की धावपट्टी नाही, फक्त दाबून सारखी केलेली जमीन. अमेरिकन बनावटीचे हे दुहेरी शेपटाचे विमान एवढ्या उंचीसाठी घडलेले नव्हते. त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवून ते या कामाला जुंपले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अँटोनोव्ह विमानांनी चुशूलला सहा एएमएक्स-१३ रणगाडे पोहोचवले. पुढे भूकंपाने दौलत बेग ओल्डीची जमीन सैल झाली आणि तेथे उतरणे थांबले. ती पट्टी पुन्हा वापरात आली ती ३१ मे २००८ रोजी, चंडीगढहूनच गेलेल्या एएन-३२ विमानाने.

लेहची गोष्ट वेगळी. तेथे युद्ध नसतानाही विमान जाणे भागच होते. हिवाळ्यात जवानाला रजेवर घरी यायचे किंवा रजा संपवून परतायचे तर दुसरा मार्ग नव्हता. म्हणून हवाई दलाच्या वैमानिकांना पहाटेची वेळ साधावी लागे. दिवस वर आला की तापलेल्या डोंगरांवरून वारे उसळतात आणि खोऱ्यातली हवा अस्थिर होते. चढत्या भूभागामुळे लेहला विमान एका दिशेने उतरते आणि उलट दिशेने उडते. अखेरच्या टप्प्यात बेत बदलायला फारशी जागा राहत नाही. त्या काळी अधल्यामधल्या डोंगरांत हवामानाची खबर देणारी ठाणीही विरळ होती. चंडीगढला निरभ्र असलेले आकाश झांस्करपलीकडे काय असेल, हे बहुधा तेथे गेल्यावरच कळे.

७ फेब्रुवारी १९६८ च्या सकाळी चंडीगढहून निघालेल्या बीएल-५३४ या अँटोनोव्ह-१२ मध्ये १०२ माणसे होती. बहुतेक सैन्यातील जवान, आपापल्या ठाण्याकडे निघालेले. या विमानाचा मोठा कप्पा मालासाठी बनवलेला होता. हवेचा दाब राखण्याची सोय पुढच्या लहानशा भागापुरतीच होती. लेहच्या जवळ पोहोचल्यावर हवा बिघडलेली आढळली आणि वैमानिकाने परतण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय योग्यच होता. ज्या वैमानिकांनी अशा वेळी पुढे जाण्याचा हट्ट धरला नाही, त्यांच्यामुळेच ही वाट टिकली. पण येताना जी दारे उघडी होती ती जाताना उघडी असतीलच, असे हिमालय कोणाला वचन देत नाही. रोहतांगच्या आसपास विमानाशी असलेला संपर्क तुटला. शोध झाला. फेब्रुवारीच्या बर्फात काही हाती लागले नाही.

घरोघरी तार गेली असेल, त्यात ‘बेपत्ता’ हा शब्द असेल. मृत्यूपेक्षा हा शब्द वाईट. त्याला तेरावा नाही. पस्तीस वर्षे तो तसाच राहिला. २००३ मध्ये मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे गिर्यारोहक चंद्रभागा-१३ शिखराच्या परिसरात गेले असता ढाका हिमनदीवर त्यांना विमानाचे अवशेष आणि एका जवानाचा देह आढळला. हिमनदी वरून गोठलेली दिसली तरी ती वाहत असते. वर पडलेले बर्फ दाबून घट्ट होते, आत घेतलेले सारे सावकाश खाली नेते, आणि वितळण्याच्या जागी परत देते. तेथे तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो; ती ज्या वर्षी जे देईल ते उचलायचे. २००७ मध्ये तिने तीन देह दिले, २०१३ मध्ये एक. २०१९ च्या मोहिमेत इंजिन आणि सांगाड्याचे मोठे तुकडे सापडले. तोवर १०२ पैकी केवळ पाच जणांचे देह हाती आले होते.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू यांच्या पथकाने आणखी चार देह खाली आणले. तीन जणांची ओळख त्यांच्याजवळ सापडलेल्या कागदांवरून पटली. छप्पन्न वर्षे बर्फात राहूनही अक्षरे वाचता येत होती. एक देह केरळात गेला. तेथे भावंडे अद्याप होती. दुसरा उत्तर प्रदेशातील एका खेड्यात पोहोचला; त्याची पत्नी आणि मुलगा दोघेही तोवर गेलेले होते, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते अशा नातवंडांनी त्याला निरोप दिला.