झोपेचा हक्क

जरीपटका म्हणजे मराठेशाहीचे निशाण. नागपुरात मात्र हे नाव १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेल्या भागाचे आहे. ज्यांना संसार आणि व्यापार मुळापासून उभारावयाचा असतो, त्यांना झोप ही चोरासारखी वाटते. ती खरोखर कामाची वैरीण आहे काय? आपण इतिहासालाच विचारू.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी याच नागपुरात सुरू झाली. त्या काळी गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. निदान रात्र मजुराची होती. मुंबईत १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुट्टी मागितली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. पुढे विजेचे दिवे आले आणि रात्रही गिरणीने गिळली. मुंबईत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९११ च्या कायद्याने तो १२ तासांवर, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४६ मध्ये ९ तासांवर आला. तास घटले म्हणून चाती थांबली नाहीत.

मजुराची झोप अशी लढून, कायद्याने राखली गेली. परंतु जो स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर, त्याच्या दुकानाला कोणता भोंगा सुटी देणार? तेथे लोखंडेही आपणच व्हावे लागते. नवे उभारणाऱ्याने दिवा विझविण्याची वेळ आधीच ठरवावी, हाच या इतिहासाचा बोध आम्हांस वाटतो.