भात्यावर घडलेली मोटारीची हत्यारे

आपल्या लोहार समाजाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे विळा, नांगराचा फाळ आणि बैलगाडीची धाव यांपाशीच बहुतेक लेखक थांबतात. मोटार आली आणि लोहाराचे युग संपले, अशी एक समजूत आहे. आमच्या मते ती अपुरी आहे.

निजामी राज्यात सरकारी बससेवा 1932 साली 27 गाड्यांनिशी सुरू झाली. पुढे जीप व मालमोटारी खेड्यापाड्यांत पोहोचल्या. पण इंजिन उघडण्याची खास हत्यारे शहरातच राहिली. ही उणीव गावोगावच्या भात्याने भरून काढली.

1972 च्या दुष्काळातील प्रसंग आम्हांस स्पष्ट आठवतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील तालुका होता. दुष्काळी कामावरील एक जीप आमच्या गावाजवळ बंद पडली. इंजिनाची पुढील पुली शाफ्टवर घट्ट बसलेली. ती काढल्यावाचून आतील काम होईना. चालकाने घण मागितला. वडील म्हणाले, "घणाने पुली फुटेल. रात्रभर थांबा."

मालमोटारीच्या मोडक्या पाट्याचे दोन तुकडे तापवून त्यांनी टोके आकड्यासारखी वळविली. वर आडवी पट्टी, तिच्या मध्यास छिद्र, खाली नट आणि त्यातून जाड बोल्ट. आकडे पुलीमागे अडकवावयाचे, बोल्ट शाफ्टच्या तोंडास टेकवावयाचा, नट एका पान्याने धरून बोल्ट दुसऱ्याने फिरवावयाचा. सकाळी पुली इजा न होता सरळ बाहेर आली. गॅरेजात यालाच पुलर म्हणतात.

खरे कौशल्य पाणी देण्यात होते. पोलाद लाल तापवून तेलात बुडविले की कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते घासून उजळ करावयाचे व पुन्हा मंद तापवावयाचे. पेंढ्यासारखा पिवळा रंग चढला की ते खरडणीस योग्य. निळा चढला की आकड्यास. बेअरिंगचा मऊ धातू खरडण्याची खरडणी जुन्या तिधारी कानशीचीच होत असे. हे शास्त्र विळ्याकोयत्यांच्या धारेवर पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले. मोटारीने त्याला फक्त नवे काम दिले.

ही परंपरा संपली असेही नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जुळवून किकने सुरू होणारी छोटी चारचाकी तयार केली. तिच्या बदल्यात जानेवारी 2022 मध्ये महिंद्रा कंपनीने त्यांना बोलेरो दिली.

आता एक कबुली दिली पाहिजे. वडिलांच्या पश्चात तो पुलर आम्हीच वजनावर भंगारात घातला. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. घरातला मात्र ओळखता आला नाही. समाजबांधवांनी आमची चूक करू नये. घरी असे एखादे हत्यार असेल, तर ते कोणी, कशापासून व कोणत्या कामासाठी घडविले, एवढे तरी वडीलधाऱ्यांस विचारून वहीत लिहून ठेवावे.