निंबोळीचा अर्क आणि तारखेचं मोल

डभोई-करजणच्या पट्ट्यात कपाशीबरोबर तूर असतेच. तिला शेंगा धरल्या की शेंगा पोखरणारी अळी येते. तिच्यावरचा घरचा उपाय म्हणजे निंबोळी. आपले गुजराती शेजारी लिंबोळी म्हणतात ती.

कृती सोपी आहे. 5 किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालून एकूण 100 लिटर करायचं. झाला 5 टक्के अर्क. यातलं अझाडिरॅक्टिन अळीला तडकाफडकी मारत नाही. तिचं खाणं सुटतं, कात नीट टाकता येत नाही. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी.

आता याच झाडाच्या तेलाची गोष्ट. त्याने पिकावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर 1994 मध्ये अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला युरोपात पेटंट मिळालं. त्याला विरोध झाला, पण 'आमच्याकडे पूर्वापार वापरतात' एवढ्यावर भागेना. अभय फडके यांनी साक्ष दिली, की 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे-सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांसमोर अशा तेलाच्या चाचण्या झाल्या होत्या. या साक्षीला वजन मिळालं. 2000 साली पेटंट रद्द झालं, 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

ज्ञान शेतात होतंच. कामी आले ते साल, ठिकाण आणि साक्षीदार. म्हणून आपल्या भागातल्या वयस्कर शेतकऱ्यांना विचारून लिहून ठेवू या: कोणता पाला, किती पाणी, कोणत्या साली.