विजयदुर्गाच्या वाटणीचा कागद

मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रज आणि पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांच्यात एक करार झाला. एका बैठकीत वाचून होईल एवढाच तो आहे. पहिल्या कलमात म्हटले आहे की समुद्रावरचे सगळे आरमार इंग्रजांच्या हुकमाखाली चालेल. मोहिमेचे बेत मात्र दोघांनी मिळून ठरवायचे. दुसरे कलम तुळाजी आंग्र्याची जी जहाजे हाती लागतील ती अर्धीअर्धी वाटून घेण्याचे. तिसऱ्याने बाणकोट, तिथला हिंमतगड आणि पाच गावे इंग्रजांना कायमची मिळतात. चौथ्यानुसार सुवर्णदुर्ग, अंजनवेल आणि जयगड या किल्ल्यांना समुद्रातून कुमक पोचू न देण्याची जबाबदारी इंग्रजांनी घ्यायची. आणि पाचव्यात स्पष्ट लिहिले आहे की किल्ल्यांत सापडणारा खजिना, सामान व तोफा पेशव्यांच्या.

पेशव्यांनी इंग्रजांकडून स्वतःचेच आरमार जाळून घेतले, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हे म्हणणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी हे पाचवे कलम वाचलेले असते. पुढचे सगळे भांडण या कलमाचे आहे. पहिले कलम जास्त महागात पडले. पण ते लिहिताना पुण्यात कोणी खळखळ केल्याचे दिसत नाही.

तुळाजी हा कान्होजींचा मुलगा. कान्होजी १७२९ मध्ये वारल्यावर आंग्र्यांचे घर फुटले. कुलाब्याला मानाजी, तर विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गाकडे आधी संभाजी आणि १७४२ नंतर तुळाजी. मानाजीने पेशव्यांशी जुळवून घेतले, तुळाजीने घेतले नाही. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर तर पुण्याचा हुकूम मानण्याचे त्याला काही कारणच उरले नाही, निदान त्याच्या लेखी. मुंबईकरांची तक्रार वेगळी होती. आंग्र्यांचा दस्तक न घेता फिरणारे जहाज धरायचे ही कान्होजींच्या काळापासूनची रीत. पोर्तुगीज तेच करीत, इंग्रजही स्वतःचे परवाने देत. १७२० मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तो फसला. १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्यावर गेले, तोही फसला. १७३५ मध्ये ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे जहाज आंग्र्यांनी धरून नेले. तेव्हा १७५५ साली दोघांना एकच माणूस नको होता. पण एकाला किल्ले हवे होते आणि दुसऱ्याला समुद्र. कराराची कलमे अशी शेजारीशेजारी ठेवली की हे आपोआप कळते.

सुवर्णदुर्ग एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पडला. कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने ‘प्रोटेक्टर’ आणि आणखी तीन लहान जहाजे घेऊन तो घेतला. पेशव्यांचे आरमार मागे रेंगाळत राहिले असे इंग्रज लिहितात. ते खरेही असेल; पण या प्रसंगाची आपल्याला ठाऊक असलेली हकिकत जवळपास सगळी त्यांच्याच लेखणीतून आलेली आहे, हे विसरू नये. बाणकोट इंग्रजांना मिळाले, सुवर्णदुर्ग ठरल्याप्रमाणे मराठ्यांच्या ताब्यात गेला. जेम्स पुढे श्रीमंत झाला, विलायतेला गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने लंडनजवळ शूटर्स हिलवर बांधलेला मनोरा आजही सुवर्णदुर्गाचे नाव मिरवतो.

मग पावसाळा आला. तो सरल्यावर एक फौज मुंबईत येऊन रिकामी बसली, आणि ती का आली होती हे समजले नाही तर विजयदुर्गाचा प्रसंग कोकणापुरता वाटत राहतो. रॉबर्ट क्लाइव्ह विलायतेहून मुंबईला उतरला तो आंग्र्यासाठी नव्हे. दख्खनेत निजामाजवळ फ्रेंचांचा बुसी बसला होता. पेशव्यांच्या मदतीने त्याला उखडायचे, असा लंडनचा बेत होता. पण मद्रासेत इंग्रजांचा सॉन्डर्स आणि पाँडिचेरीत फ्रेंचांचा गोदेहू यांनी परस्पर तहकुबीचा करार करून ठेवला होता. फ्रेंचांवर चालून जाण्याची सोय राहिली नाही. शाही आरमार घेऊन ॲडमिरल वॉटसन मुंबईला आला होता, क्लाइव्हची फौज खात-पीत बसली होती. इतके बळ मुंबईकरांना पूर्वी कधी लाभले नव्हते. विजयदुर्गाचा निर्णय या योगायोगातून झाला.

डिसेंबरमध्ये जेम्सला पाहणीसाठी धाडण्यात आले. किल्ल्याविषयी मुंबईत जे ऐकिवात होते त्याच्याशी प्रत्यक्ष जागा जुळत नाही, याचे त्याला आश्चर्य वाटले. तट सांगतात तितका उंच नाही आणि मोठी जहाजे माऱ्याच्या टप्प्यात आणण्याइतके खोल पाणी आहे, असे त्याने कळवले. चाळीस वर्षे ज्या किल्ल्याची धास्ती घेतली, तो जवळ जाऊन नीट पाहायला कोणाला सवडच झाली नव्हती म्हणायची.

आता मूळ कागदाकडे येतो. तारीख ६ फेब्रुवारी १७५६, जागा मुंबई. आरमार अजून बंदरातच आहे. वॉटसन, त्याचा दुय्यम पोकॉक, क्लाइव्ह आणि इतर अधिकारी अशी दहा जणांची समिती बसते आणि लूट कशी वाटायची ते ठरवते. एकंदर लुटीचा आठवा भाग सेनापतींचा: त्यातले दोन हिस्से वॉटसनला, एक पोकॉकला. म्हणजे वॉटसनचा वाटा एकूण लुटीचा बारावा भाग. क्लाइव्हला शाही जहाजाच्या कप्तानाइतके मिळायचे. फौजेच्या अधिकाऱ्यांना हे पटेना; क्लाइव्हला पोकॉकच्या बरोबरीचा वाटा हवा असा त्यांनी आग्रह धरला. आरमारवाल्यांनी तो मानला नाही. शेवटी कमी पडेल ते आपल्या वाट्यातून भरून देईन, असे वॉटसनने सांगितले आणि वाद मिटला. इतका बारीक हिशेब झाला. त्यात मराठ्यांना हिस्सा नाही.

यावर कोणी म्हणेल, लुटीची आगाऊ वाटणी ही त्या काळच्या आरमारातली नेहमीची पद्धत, तिच्यात कपट कसले? पद्धत होती हे खरे. पण किल्ल्यातला खजिना आणि तोफा पेशव्यांच्या, हे अकरा महिन्यांपूर्वी लिहून दिलेले असताना ती वाटायला दहा जण बसले, याचा अर्थ पाचवे कलम पाळण्याचा विचार ६ फेब्रुवारीला उरलेला नव्हता. मराठ्यांनी आधी दगा दिला म्हणून आम्ही किल्ला ठेवून घेतला, असे मुंबईकर पुढे म्हणत राहिले. तो ‘दगा’ ११-१२ फेब्रुवारीचा. वाटणीचा कागद त्याच्या आधीचा.

७ तारखेला आरमार निघाले. ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’, ‘ब्रिजवॉटर’, ‘किंगफिशर’ ही शाही जहाजे, कंपनीची ‘प्रोटेक्टर’ वगैरे, आणि कुलपी गोळे फेकणाऱ्या उखळी तोफांची गलबते. पुढच्या तीन दिवसांच्या तारखा लावताना मात्र सांभाळावे लागते. त्या काळच्या इंग्रजी जहाजांच्या रोजनाम्यात दिवस मध्यान्हीपासून मध्यान्हीपर्यंत धरत. १२ तारखेच्या दुपारची लढाई त्यात १३ च्या खाती पडते. आपल्या कागदांत सुहूर सन ११५६ आणि जमादिलावलचा महिना, वर चंद्रतारीख. दोन्ही जुळवून पाहिल्याशिवाय ‘आधी कोण’ हे ठरवता येत नाही, आणि इथे तर एकेका प्रहराने फरक पडतो.

आरमार ११ ला किल्ल्यासमोर आले तेव्हा जमिनीवरून पेशव्यांची फौज येऊन बसली होती. अंजनवेल, गोवळकोट वगैरे ठिकाणे गमावून बसलेला तुळाजी किल्ला नातलगाच्या हवाली करून स्वतः मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. पेशव्यांच्या बाजूने पाहिले तर काम फत्ते होत आले होते: तुळाजी हातात, किल्ला आज ना उद्या कौल घेऊन येणार, एक गोळा न उडता. वॉटसनच्या बाजूने पाहिले तर हीच गोष्ट घातक होती. किल्ला मराठ्यांना शरण गेला तर आतला खजिना त्यांचा, आणि आपण इतकी जहाजे घेऊन कशाला आलो? दोघांचीही भीती खरी होती. रामाजीपंतांनी ही बोलणी इंग्रजांना बाजूला ठेवून चालवली होती, हेही नाकारता येत नाही. बेत दोघांनी मिळून ठरवावेत हे पहिल्या कलमातले बंधन त्यांच्यावरही होतेच.

वॉटसनने किल्ला मागितला, किल्ल्यातून मुदत मागणारे उत्तर आले. १२ च्या दुपारी दोन रांगा करून जहाजे खाडीत शिरली आणि तोफा सुरू झाल्या. तुळाजीच्या गुराबा एकमेकींना जखडून तटाखाली उभ्या होत्या. चारच्या सुमाराला एक कुलपी गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मुळात इंग्रजांचेच. काही वर्षांपूर्वी आंग्र्यांनी धरलेले. ते पेटले, त्यावरून शेजारची गुराब, तिच्यावरून पुढची. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे आरमार संपले होते. बांधणीला घातलेली दोन जहाजेही त्यात गेली. हे मुद्दाम केले असे म्हणायला माझ्यापुढे पुरावा नाही, आणि लढाईच्या गर्दीत एक गोळा नेमका कुठे पडेल हे त्या काळचा गोलंदाज सांगू शकत नसे. परंतु कराराच्या दुसऱ्या कलमाने यातली अर्धी जहाजे पेशव्यांची होणार होती. त्या आगीत पेशव्यांचे भावी आरमार जळाले, आणि ते जळत असताना पेशव्यांची माणसे किनाऱ्यावर उभी होती.

रात्री क्लाइव्ह फौज घेऊन उतरला. कुठे? किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध. या एका हालचालीला कोणत्याही साक्षीदाराच्या टिपणीची गरज नाही. शत्रूच्या किल्ल्याला वेढा घालणारी फौज मित्राच्या वाटेत उभी राहिली. खंडोजी माणकर या पेशव्यांच्या सरदाराने पहाऱ्यावरच्या ब्यूकॅनन नावाच्या कप्तानाला मोठी रक्कम देऊ केली, थोड्या माणसांनिशी आत जाऊ द्या म्हणून. त्याने नाकारली आणि मुंबई सरकारने त्याला सोन्याचे पदक दिले. हकिकत इंग्रजांची आहे, पण पदक दिले गेले त्याअर्थी काहीतरी घडले असावे. मराठा सरदार आपल्याच मोहिमेतल्या किल्ल्यात शिरण्यासाठी लाच देऊ पाहतो, हे चित्रच पुरेसे बोलके आहे. १३ ला पुन्हा मारा झाला आणि संध्याकाळी किल्ल्यावर पांढरे निशाण चढले. इंग्रजांची मेलेली आणि जखमी माणसे मिळून वीसेक.

आत सापडले ते सुमारे दहा लाख रुपयांचे, शिवाय दोनशेच्या वर तोफा. ६ तारखेच्या कागदाबरहुकूम वाटणी झाली.

‘केंट’वरचा डॉक्टर एडवर्ड आइव्ह्ज याने पुढे प्रवासवर्णन लिहिले, त्यात वॉटसन तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला गेला तो प्रसंग आहे. म्हातारी आई, बायका, लहान मुले. आई रडत म्हणाली की रयतेला राजा उरला नाही, मला मुलगा नाही, या मुलांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, आता मीच तुमचा बाप आणि मित्र. तेव्हा सहाएक वर्षांच्या मुलाने त्याचा हात धरून, मग तुम्हीच माझे बाबा, असे म्हटले आणि ॲडमिरलचे डोळे भरून आले. आइव्ह्ज आपल्या ॲडमिरलचा भक्त आहे. पुस्तकभर त्याच्यावर डाग पडू देत नाही. तरी हा प्रसंग त्याने बनवला असे मला वाटत नाही. पण मुलाचे बाबा तेव्हा हाकेच्या अंतरावर मराठ्यांच्या छावणीत जिवंत होते, आणि त्यांना आपल्या ताब्यात द्यावे असा इंग्रजांचाच लकडा सुरू होता. ते आइव्ह्जच्या या पानावर येत नाही. पेशव्यांनी तुळाजीला दिले नाही. त्याने उरलेले आयुष्य त्यांच्याच कैदेत काढले आणि तिथेच मेला.

मग आठ महिने पत्रापत्री. नानासाहेब पेशवे किल्ला मागतात, इंग्रज बाणकोट परत घ्या आणि विजयदुर्ग आम्हाला ठेवा म्हणतात. किल्ल्याचे नावही त्यांनी बदलून ‘फोर्ट ऑगस्टस’ करून टाकले होते. शेवटी स्पेन्सर आणि बायफील्ड हे वकील पुण्याला गेले आणि १२ ऑक्टोबर १७५६ ला तह झाला. विजयदुर्ग परत मिळाला. बाणकोट इंग्रजांकडे राहिले आणि त्यासोबत गावे पाचाची दहा झाली. शिवाय डच व्यापाऱ्यांना मराठी मुलखात थारा द्यायचा नाही, असे कलम घुसले. आंग्र्यांच्या भांडणाशी डचांचा काय संबंध? काही नाही. मुंबईकरांनी संधी साधली. लुटीचा एक रुपया पुण्याला आला नाही.

हा तह होईपर्यंत वॉटसन आणि क्लाइव्ह कोकणातून केव्हाच निघून गेले होते. एप्रिलअखेर त्यांनी मुंबई सोडली. क्लाइव्हने मद्रास किनाऱ्यावर फोर्ट सेंट डेव्हिडचा कारभार हाती घेतला आणि जूनमध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कलकत्ता घेतले. विजयदुर्गासमोर उभी राहिलेली ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ मार्च १७५७ मध्ये हुगळीवर चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर उभी राहिली. जूनमध्ये प्लासी झाली. नानासाहेबांना हे आधी दिसायला हवे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च १७५५ मध्ये ते कोणालाच दिसत नव्हते, क्लाइव्हलाही नाही. समुद्र दुसऱ्याच्या हुकमाखाली देण्याचे कलम मात्र डोळ्यांसमोर होते.

आणि १७५६ नंतर मराठी आरमार उरलेच नाही, हेही कागदांना मान्य नाही. परत आलेल्या विजयदुर्गावर पेशव्यांनी आपले आरमार उभे केले, पुढे ते धुळपांकडे आले. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या जहाजांनी कंपनीचे ‘रेंजर’ रत्नागिरीच्या बाजूला गाठून धरले, जबर लढाई करून. पण इंग्रज आणि मराठे यांच्यातला सालबाईचा तह आधीच झालेला होता. जहाज परत करावे लागले.