स्कोअर काय झाला?

आमच्या पालघर पट्ट्यातल्या मनोर गावाला रेल्वे नाही. पालघर स्टेशन वीसेक किलोमीटरवर. त्यामुळे मुंबईतल्या मॅचचा निकाल गावात पोहोचायचा तो दुसऱ्या दिवशी, एसटीतून उतरणाऱ्या पेपरांच्या गठ्ठ्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या खेड्यांचीही गत फारशी वेगळी नव्हती. बेसबॉलचे संघ मोठ्या शहरांत आणि शेतकरी कोसो दूर. पण त्यांच्या छोट्या स्टेशनातही तारयंत्र होतं. तारमास्तर स्कोअर उतरवून घ्यायचा आणि बाहेर थांबलेल्यांना सांगायचा. पुढे ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने बेसबॉलची मॅच पहिल्यांदा रेडिओवर दिली आणि तारमास्तरचा भाव उतरायला लागला.

आपल्याकडे रेडिओवर क्रिकेट आलं १९३४ मध्ये, मुंबईच्या चौरंगी, म्हणजे चार संघांच्या, सामन्यांबरोबर. बोलणारे होते बॉबी तल्यारखान. जेवण आणि चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर एकटेच बोलायचे, आणि माइक दुसऱ्याच्या हाती द्यायला नाखूष. पण सगळं इंग्रजीत. शिवाय त्या काळचा रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचं लाकडी खोकं, त्याला वीज हवी किंवा जडशीळ बॅटरी. म्हणजे ऐकणारे कोण? शहरातले, सुखवस्तू.

खेड्याला क्रिकेट दिलं ते ट्रान्झिस्टरने, असं माझं स्पष्ट मत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत चामडी कव्हरातला, पट्टा लावून खांद्याला अडकवायचा ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर गेला. त्याची एक खोड होती. मीडियम वेव्हचा सिग्नल पकडणारी फेराइटची कांडी आत आडवी बसवलेली असते, त्यामुळे सेटचं तोंड फिरवलं की आवाज कमी-जास्त होतो. म्हणून ऐन रंगात आलेल्या ओव्हरला कोणीतरी तो दोन्ही हातांनी धरून सावकाश वळवत असायचा, आणि बाकीचे ‘हां, तिथंच ठेव!’ म्हणून दरडावायचे. सेल उतरले की उन्हात वाळवायचे, थोडी धुगधुगी यायची. त्यावर सरकारचं लायसन्सही लागे. पोस्टात जाऊन पुस्तिकेवर वर्षाची फी भरायची! ऐंशीच्या दशकात ती कटकट संपली.

तरी इंग्रजीची अडचण होतीच. लोक आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचे की चौकार गेला की विकेट पडली, आणि मग स्कोअरचा आकडा तेवढा टिपायचे. ही भिंत पाडली मराठी समालोचनाने. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित त्यातले आद्य मानले जातात. पुढे क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकरही माइकवर आले. षटकार, पायचीत, त्रिफळा, यष्टिरक्षक हे शब्द पुस्तकात राहिले असते तर कोणी वापरले नसते, पण ते कानावर पडले आणि पोरांच्या तोंडी बसले. ज्यांनी लेदर बॉल हातात धरला नव्हता, ते ‘चेंडू किंचित आत वळला’ म्हणू लागले.

ट्रान्झिस्टरच्या याच काळातला एक दिवस, २४ ऑगस्ट १९७१. अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवलं. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी टिपले होते. आणि विजयाचा दिवस नेमका गणेश चतुर्थीचा! ओव्हलवर तर भारतीयांनी बेला नावाची हत्तीणच आणली होती. आरती आणि स्कोअर यांची अशी गाठ पुन्हा पडणं अवघड.

मग टीव्ही आला आणि ऐकणं मागे पडलं. पण आमच्या पालघर, बोईसर पट्ट्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांना जाऊन बघा. मंडपात माइक धरून बसलेला गावचा पोरगा ज्या लयीत बोलतो, ती रेडिओचीच. याच पट्ट्यातला, माहीम गावचा शार्दूल ठाकूर २०१८ मध्ये कसोटी खेळला, तोवर इथली दोन-तीन पिढ्यांची माणसं मॅच नुसती ऐकून जाणकार झालेली होती.

तुमच्या माळ्यावर जुन्या कागदांत रेडिओ लायसन्सची ती पुस्तिका सापडली, तर रद्दीत घालू नका. आतल्या पोस्टाच्या शिक्क्यांवरून, तुमच्या घरात स्कोअर कोणत्या साली येऊ लागला हे कळेल.