हुन्नर उघडा करताना

फारसीतला ‘हुनर’ मराठीत ‘हुन्नर’ झाला, तेव्हा कसबाबरोबर युक्तीचा अर्थही त्याला चिकटला. हे काही वाईट झाले नाही. पिढीजात कसब अंगी असलेल्या माणसालाही त्यावर पोट भरण्यासाठी युक्ती लागतेच. मुस्लिम समाजाचा इतिहास लिहिताना आपण बादशहा, सुफी आणि शायर यांच्यावर पानेच्या पाने खर्च करतो. रंगारी, मोमीन, शिकलगार यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. म्हणून कच्छमधल्या खत्री रंगाऱ्यांच्या एका युक्तीचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. आपला धंदा टिकवण्यासाठी आपलेच कसब परक्यांना शिकवायचे, अशी ही युक्ती आहे.

हे खत्री अजरख छापतात. निळ्या आणि लाल रंगांत, काळ्या-पांढऱ्या रेघांनी बांधलेल्या भौमितिक नक्षीचे हे कापड. ‘अजरख’ हा शब्द अरबीतल्या ‘अझरक’ म्हणजे निळा यावरून आला असे अभ्यासक मानतात. कारागीर मात्र हसत सांगतात, “आज रख”, म्हणजे कापड आजचा दिवस तसेच राहू दे, घाई करू नकोस. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणार नाही, पण कामाचे वर्णन म्हणून तंतोतंत खरी आहे. सोळाव्या शतकात कच्छचे राव भारमल यांच्या बोलावण्यावरून आपले पूर्वज सिंधमधून आले आणि सारण नदीचे वाहते पाणी पाहून धमडका गावी स्थिरावले, असे ही घराणी सांगतात. त्यांचे गिऱ्हाईक ठरलेले होते. गुरे राखणारे मुसलमान मालधारी अजरख कमरेला गुंडाळत, खांद्यावर टाकत, डोक्याला बांधत.

या कापडाला १४ ते १६ टप्प्यांतून जावे लागते. आधी उंटाची लीद, सोडा आणि एरंडेल तेल यांत ते मुरवायचे. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे. (हाच हिरडा आमच्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी गोळा करतात.) त्यानंतर चुना आणि डिंक यांच्या लगद्याने नक्षीची रेघ छापायची, म्हणजे तेथे रंग चढत नाही. लोखंडाचे भंगार गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून त्यात चिंचोक्याचे पीठ घातले की काळ्या छपाईचा लगदा होतो. जेथे लाल हवा तेथे तुरटी लावायची. मग नीळ, मग धुणे, मग मंजिष्ठेसारख्या लाल रंगाच्या कढईत उकळणे. तुरटी छापताना कापडावर लाल दिसतच नाही, तो कढईत उमटतो. म्हणजे छापणाऱ्याला न दिसणारे चित्र डोक्यात ठेवून हात चालवावा लागतो. अस्सल जुना अजरख तर दोन्ही बाजूंनी छापलेला असे आणि दोन्हीकडचे ठसे एकमेकांवर नेमके बसवलेले असत.

असे कसब एका पिढीत कसे मरते, हेही याच गावाने पाहिले. मंजिष्ठेतला रंग १८६९ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. धमडक्यापर्यंत ही लाट उशिरा पोचली, पण विसाव्या शतकाच्या मध्याला बहुतेकांनी झाडपाल्याचे रंग सोडून दिले. रासायनिक रंग स्वस्त होते आणि काम झटपट होई. पुढे गिरणीचे आणि पॉलिएस्टरचे कापड आले, मालधारीही त्याकडे वळले. रंगाची कृती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा बहुतेक कारागीर जमातींचा दंडक. तो समजण्यासारखा आहे, कारण गरिबाजवळ तेवढीच मिळकत असते. पण घरानेच ती कृती वापरणे सोडले की बाहेर विचारायला कोणी उरत नाही, ही त्या दंडकाची दुसरी बाजू.

धमडक्याचे महंमद सिद्दीक खत्री यांना लहानपणी पाहिलेले जुने रंग ठाऊक होते. १९७० च्या दशकात गुजरात सरकारच्या ‘गुर्जरी’ दुकानांनी अशा मालाला शहरात गिऱ्हाईक मिळवून दिले, तेव्हा त्यांनी नैसर्गिक रंग पुन्हा हाती घेतले आणि रझाक, इस्माईल, जब्बार या मुलांना शिकवले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे विद्यार्थी कच्छच्या कारागिरांकडे अभ्यासाला येऊ लागले होते. पदवीचे शिक्षण घेणारे तरुण शाळा न पाहिलेल्या उस्तादांपुढे मांडी घालून बसत होते. आमच्या मते खरा बदल येथेच झाला. पुढे २००३ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठाने इस्माईल खत्रींना मानद डॉक्टरेट दिली.

त्याआधी २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने धमडका जमीनदोस्त केले. पाण्याची पातळी खाली गेली आणि त्यातले लोहाचे प्रमाण वाढले. लोहाने रंग काळवंडतो, त्यामुळे रंगाऱ्याच्या दृष्टीने ते पाणीच नासले. काही कुटुंबे तेथेच राहिली. बाकीच्यांनी भुजजवळ जमीन घेऊन नवे गाव वसवले आणि त्याला अजरखपूर नाव दिले. एखाद्या पिराच्या, राजाच्या किंवा पुढाऱ्याच्या नावाऐवजी कापडाच्या नावाने गाव वसवणारे लोक आम्हाला फार आवडतात.

या अजरखपुरात आज देशोदेशीचे लोक काही दिवसांच्या वर्गांसाठी येतात. शिकणाऱ्याच्या हाती पेथापूरच्या कारागिरांनी कोरलेला सागवानी ठसा दिला जातो. पहिली रेघ सरळ येते, दुसरी हलते, तिसऱ्या ठशाला हात भरून येतो. त्यानंतर दुकानातल्या दुपट्ट्याची किंमत ऐकून तो माणूस सहसा घासाघीस करत नाही. स्क्रीनवर छापलेली नक्कल ‘अजरख’ म्हणून कितीतरी कमी भावात विकली जाते. जाहिरातीला पैसा नसलेल्या कारागिराने तिच्याशी लढायचे कसे? गिऱ्हाईकाचा डोळा तयार करूनच. २०२४ मध्ये कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळाले, पण कापड ओळखणे काही कायदा शिकवत नाही.

शिकलेलाच उद्या स्पर्धक होईल, ही भीती अगदीच खोटी नाही. पण चार दिवसांत शिकलेला माणूस कढईचा ताव आणि पाण्याचा गुण ओळखू शकत नाही. नक्कल करणाऱ्याला तर कृती नकोच असते, नक्षी पुरते, आणि ती विकत घेतलेल्या कापडावरही मिळते. उलट, अडचण होती ती कारागिराला बाजार समजण्याची. २००५ मध्ये सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयाने आणि २०१४ पासून सोमय्या कला विद्येने कारागिरांनाच विद्यार्थी केले. रंगसंगती, रचना, किंमत ठरवणे हे विषय त्यांना त्यांच्या भाषेत शिकवले. खत्री तरुण तेथून शिकून आपल्या नावाने माल विकू लागले.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. अजरखच्या वर्गात उस्ताद म्हणून उभा राहतो तो बहुधा पुरुषच. याच बिरादरीचे दुसरे कसब बांधणी. तिच्या बारीक गाठी बहुतांशी बायका घरी बसून बांधतात आणि मजुरी गाठींच्या मोजणीवर मिळते. गाठ बांधायला शिकवणाऱ्या खालाला उस्ताद म्हणून फी मोजली जाते, की गाठींचेच पैसे तिच्या हातावर टेकवले जातात, हे वर्गाला जाणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावे.